मोठा तलाव कोणी उघडला

माधवी रामटेके हिच्यावर कोणी काही लिहिलेलं नाही, आणि लिहावं असं आपण काही केलंय असं तिलाही वाटत नाही. मी शाळेत मास्तर होतो, पण शाळेच्या कामाबाहेर फारसं कधी लिहिलं नाही. संगणकाचं जे पुढे येईल ते तिला विचारून विचारून मला समजलेलं आहे. त्यात चूक असेल तर ती माझ्या समजुतीची धरावी.

आमचं पिपरटोला गाव मूल शहरापासून बसने पाऊण तासावर आहे. गावाच्या वरच्या अंगाला मोठा तलाव आणि खाली शेतांमध्ये चार-पाच बोड्या, म्हणजे लहान तळी. तलावात आमचे ढिवर लोक मासे धरतात आणि त्याची एक सहकारी संस्था आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षं मी त्या संस्थेचा सचिव होतो. माधवी बौद्ध मोहल्ल्यातली. तिचे वडील हरिदास राइस मिलमध्ये हमाली करायचे, आई रुखमाबाई धानाच्या रोवणीला जायची. माधवी चौथीपर्यंत माझ्या वर्गात होती. तेव्हाही ती विचारलं तेवढंच बोलायची. उत्तर बरोबर असायचं, पण हात वर करायची नाही.

पुढे ती चंद्रपूरला संगणकाचं शिकली आणि नागपूरला एका कंपनीत लागली. तिथे दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासायचं काम तिच्याकडे होतं. बरीच वर्षं तिने ते केलं. मग हरिदासला लकवा मारला. मुलगा नाही, दुसरी मुलगी अहेरीकडे दिलेली, म्हणून माधवी नोकरी सोडून परत आली. लोकांनी तिला पुष्कळ विचारलं, लग्न काऊन नाई केलं, नोकरी काऊन सोडली. ती म्हणायची, "बाबा आजारी आहेत." दोन्ही प्रश्नांना तेच उत्तर.

मूलला सायकलच्या दुकानावरच्या खोलीत तिने संगणकाचे वर्ग सुरू केले. मी मोबाइल शिकायला म्हणून तिथे जाऊन बसायचो. मागच्या बाकावर बसून तिचं शिकवणं ऐकायला मला आवडायचं. एका गोष्टीवरून मुलांना तिची फार बोलणी बसायची. प्रोग्राममध्ये सामान वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेलं असतं, आणि प्रत्येक वस्तूपुढे लिहायचं असतं की तिला हात कोणी लावायचा. प्रायव्हेट लिहिलं तर फक्त त्याच कप्प्यातल्या कामांनी. प्रोटेक्टेड लिहिलं तर त्या कप्प्याने आणि त्याच्यापासून पुढे बनवलेल्या कप्प्यांनी. पब्लिक लिहिलं तर कोणीही. मुलं कंटाळा करून सगळीकडे पब्लिक लिहायची, कारण मग काही अडत नाही आणि प्रोग्राम लगेच चालतो.

"कोण चोरणार आहे मॅडम, आपलंच तर आहे सगळं," एकदा निकेश म्हणाला.

"चोरासाठी नाही लिहीत आपण हे," ती म्हणाली. "चोर आला तर तो कसाही येईल. हे आपल्याच माणसासाठी आहे. उद्या तूच विसरशील की इथे हात लावायचा नव्हता."

हा निकेश पचारे आमच्याच गावचा, ढिवर मोहल्ल्यातला. तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा असेल. वडील गेलेले, आई संस्थेची सभासद, तलावावर मासे धरायची त्यांची पाळी हाच घराचा आधार. तो वर्गात हुशार निघाला म्हणून माधवीने त्याला पुढचंही शिकवलं.

संस्थेचा प्रोग्राम माधवीने लिहिला तो माझ्या सांगण्यावरून. आमच्या तलावांची एक रीत आहे. मोठा तलाव राखणारी तीन घरं ठरलेली आहेत: गोकुळाबाईचं, उमाजीचं आणि दादाजीचं. तलावात बोटुकली, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं सोडली की तलावाच्या बांधावरच्या खांबाला पळसाची फांदी बांधतात. फांदी आहे तोवर तलाव बंद. कुलूप नाही, चौकीदार नाही, तरी कोणी पाण्यात जाळं टाकत नाही. तिन्ही घरांचं एकमत झालं की त्यांच्यातलं सर्वांत वडील माणूस फांदी सोडतं. आता ते माणूस म्हणजे गोकुळाबाई. पण माणसं पांगली होती, कोणी राजुऱ्याला कोळसा खाणीत कामाला, कोणी धानोऱ्याकडे. तलाव उघडल्याचं त्यांना वेळेवर कळायचं नाही आणि पाळी बुडायची. म्हणून मी माधवीला म्हटलं, सगळ्यांच्या फोनवर आदल्या संध्याकाळी संदेश जाईल असं काही करता येईल काय.

तिने रीत जशीच्या तशी प्रोग्राममध्ये घातली. तलाव नावाचा एक साचा केला, त्यातून मोठा तलाव काढला आणि बोड्यांसाठी त्याच साच्यापासून दुसरा साचा केला. प्रत्येक तलावाच्या आत लिहिलेलं असायचं, उघडा की बंद. ते बदलायचं तर एकच मार्ग होता. प्रोग्राम तिन्ही घरांच्या फोनवर विचारणार, तिघांनी होय दाबलं तरच बंदचं उघडा होणार. आणि रोज संध्याकाळी सहाला प्रोग्राम प्रत्येक तलावाकडे पाहून जिथे बदल झाला तिथला संदेश सगळ्या सभासदांना धाडणार.

दोन वर्षं ते चांगलं चाललं. लोक पाळीवर येऊ लागले. मग माधवीने संस्थेच्या संगणकाचं काम निकेशकडे सोपवलं. वडिलांचं अंथरूण, वर्ग आणि संस्था, हे सगळं तिला आवरत नव्हतं.

त्या वर्षी बोटुकली सोडून थोडेच दिवस झाले होते. पोळ्याचा दिवस. निकेश संस्थेच्या खोलीत एकटा बसून बाजारासाठी एक नवं पान तयार करत होता. उद्या कोणत्या तलावाचे मासे येणार ते मूलच्या दुकानदारांना दिसावं, असं ते पान. पण त्या दिवसांत सगळे तलाव बंद, म्हणून त्याचं पान रिकामंच दिसत होतं. पान नीट चालतं की नाही हे पाहायला त्याने आपल्या पानातून एक ओळ लिहिली आणि मोठा तलाव उघडा केला. कोणाला विचारणं नाही, तीन होय नाहीत, थेट आतल्या वस्तूला हात. पानावर मोठा तलाव दिसला. तो खूश झाला. तेवढ्यात बाहेर बैल निघाल्याचा गलका झाला आणि तो तसाच उठून पाहायला गेला. ती ओळ परत फिरवायची राहिली.

संध्याकाळी सहाला सगळ्यांच्या फोनवर संदेश गेला: मोठा तलाव उद्या उघडा.

बाहेरच्या माणसाला वाटेल, पिल्लं सोडलेला तलाव इतक्यात उघडतो यावर लोकांनी विश्वास ठेवला कसा. पण पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी आमच्याकडे घरोघरी मटण-मासे असतात. एखाद्या वर्षी राखणदार फक्त करीपुरतं कडेकडेने फेकजाळ्याने मरळ, मांगूर असे मोठे मासे धरू देतात. लोकांना वाटलं, यंदा परवानगी दिली. उमाजीला वाटलं, गोकुळाबाईने ठरवलं असेल. दादाजीला वाटलं, उमाजीने ठरवलं असेल. गोकुळाबाई त्या रात्री लेकीकडे मुक्कामाला होती. सकाळच्या बसने ती उतरली तेव्हा सुनेने तिला फोन दाखवला. तिला वाटलं, आपला फोन लागला नसेल म्हणून दोघांनी मिळून ठरवलं. ती तशीच तलावावर गेली आणि तिने फांदी सोडली.

फांदी सुटलेली पाहिल्यावर लोक कडेला थांबले नाहीत. ज्यांच्याकडे ओढायचं जाळं होतं त्यांनी तेही टाकलं. जाळ्यात बोटाएवढे मासे चमकायला लागले तेव्हा कोणीतरी ओरडून थांबवलं. पण तोवर गाळ वर आला होता. दुपारपर्यंत कडेला मेलेल्या पिल्लांचा पांढरा पट्टा दिसू लागला. वर्षभराच्या माशांतला मोठा भाग त्या पट्ट्यात होता.

मोठा तलाव कोणी उघडला हे शोधायला वेळ लागला नाही. निकेशने स्वतःच सांगितलं. पण लोकांना ते खरं वाटलं नाही. मूलच्या एका दुकानदाराकडे त्याचं जाणंयेणं होतं, तेव्हा त्याच्याच सांगण्यावरून केलं असं मोहल्ल्यात पसरलं. सभा बोलावली गेली. ठराव एवढाच होता की निकेशच्या घराची मोठ्या तलावावरची पाळी बंद करावी. एकदा बंद झालेली पाळी आमच्याकडे सहसा परत मिळत नाही.

मी माधवीला कळवलं. तिने फोनवर एवढंच विचारलं, "थेट बदलला म्हणतो? ती ओळ चाललीच कशी?" थोड्या वेळाने परत फोन आला. "गुरुजी, मी सभेला येते."

सभा बांधाजवळच्या संस्थेच्या खोलीपुढे भरली. माधवी स्कूटीवरून आली आणि बायकांच्या मागे उभी राहिली. उमाजी अध्यक्ष होता. त्याने ठराव वाचला. माधवीने हात वर केला. मी तिला हात वर करताना पहिल्यांदा पाहिलं.

"माधवीबाई, तुमी सभासद नाई," उमाजी म्हणाला. "ऐकाले ना नाई, पन बोलाचं त सभासदायनंच."

ते नियमाला धरून होतं. तिच्या आजाच्या काळात तिच्या मोहल्ल्याला तलावाचा घाटही वेगळा होता, ते त्या वेळी तिथे बऱ्याच जणांच्या मनात आलं असावं, कारण कोणी वर पाहिलं नाही. मी म्हटलं, तिला मी बोलावलं आहे, प्रोग्राम तिचा आहे. माझा आवाज फार लांब गेला नाही. पण शेजारच्या दादाजीने ऐकलं आणि तो म्हणाला, "बोलू द्या ना बाप्पा. इंजन बनवलं तिनं, आन बिघडलं काऊन ते आपन सांगाचं काय?"

माधवी पुढे आली.

"निकेशने जे केलं ते त्याला करता यायलाच नको होतं," ती म्हणाली. "तलाव उघडा की बंद, ही गोष्ट प्रोग्राममध्ये प्रायव्हेट ठेवायची असते. म्हणजे तिघांना विचारणारं जे काम आहे, त्याच्याशिवाय कोणाचा हात तिथे पोहोचत नाही. दुसऱ्या कोणी तशी ओळ लिहिली तर प्रोग्राम चालायच्या आधीच अडतो. मी ती पब्लिक ठेवली होती. तुमच्या वार्षिक सभेत दाखवायचं होतं, संदेश जात नव्हता, घाई होती. दोन दिवसांपुरतं उघडं केलं आणि तसंच राहिलं."

"म्हंजे दार तुमी उघडं ठेवलं," मागून एक जण म्हणाला.

"हो."

"दार उघडं असलं म्हनून काय घुसाचं असते काय?" गोकुळाबाई बोलली. ती पुढेच बसली होती. "आमच्या तलावाले त दारच नाई. एक फांदी बांधतो. लहान पोरगंबी फांदी पाहून जाळं टाकत नाई. हा त शिकेल सवरेल हाय."

लोकांनी माना डोलावल्या. मलाही तिचं म्हणणं पटलं.

माधवी तिच्याकडे वळून म्हणाली, "मावशी, तुमची फांदी दिसते. निकेशला फांदी दिसलीच नाही. प्रायव्हेट लिहिलेलं असतं तर तीच त्याची फांदी होती. मी ती बांधली नाही."

"लई चांगलं बोलता," उमाजी म्हणाला. "पन मासे मेले ते मेलेच. कोनाले तरी धराच लागन."

"मंग बाईले धर," मागून कोणीतरी म्हणालं. "तिची पाळी बंद कर."

"तिची पाळी हाय कुठी बंद कराले?" दुसऱ्याने म्हटलं, आणि दोघे-चौघे हसले. माधवी हसली नाही. ती गोकुळाबाईकडेच पाहत होती.

"मावशी, एक विचारू काय? संदेश आल्यावर तुम्ही उमाजीभाऊंना विचारलं होतं?"

"कायचं?"

"तलाव उघडायचा ठरलं काय म्हणून."

गोकुळाबाईने पदर सारखा केला. "मेसेज आलता ना. तुमच्याच मशिनीचा. तिघायनं होय म्हनल्याबिगर येतच नाई म्हनून तुमीच त सांगतलं होतं."

"सांगितलं होतं. पण तुमचं होय कोणी घेतलं होतं?"

माधवीने ते उलटतपासणीसारखं विचारलं नव्हतं, वर्गात एखाद्या मुलाला पुढची ओळ काय म्हणून विचारते तसं विचारलं होतं. पण गोकुळाबाईला लागलं. ती पंच्याहत्तरीच्या पुढची बाई, फांदी बांधण्या-सोडण्यात तिची आजवर एकदाही चूक झालेली नव्हती. तिने तलावाकडे पाहिलं.

"नाई घेतलं कोनं," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "मले इचारलंच नाई, आन मी फांदी सोडून देल्ली. लिहा सेक्रेटरीसाहेब. निकेशची पाळी बंद करता त मायीबी करा."

"तुमची कशी बंद करन बाई?" उमाजी गडबडला.

"काऊन? फांदी होती तवरी कोनी पान्यात नोता उतरला. मी सोडली तवा उतरले. पोट्ट्यानं फोनात उघडला, मी खांबाले उघडला. आन तू रे उमाजी, तुले त मेसेज आल्यावर चुलीवर तवा ठेवाची घाई झालती. तू तरी कोनाले इचारलं काय?"

आता सगळे हसले. उमाजीने टोपी काढून पुन्हा घातली. "मी समजलो, तुमीच ठरवलं म्हनून."

"आन मी समजलो, यानं ठरवलं," दादाजी म्हणाला. "तिघायचीबी लिहा मंग."

राखणदारांची तिन्ही घरं बंद करून तलाव राखणार कोण, असा प्रश्न उभा राहिला. ठराव तिथेच अडला. निकेश कोपऱ्यात उभा होता. दुकानदाराचं नाव कोणी काढलं नाही. मन दुखायला नको म्हणून असेल किंवा कोणाकडे पुरावा नव्हता म्हणून. शेवटी असं ठरलं की पाळी कोणाचीच बंद करायची नाही, पण माधवीबाईंनी प्रोग्राम दुरुस्त करून सभेला दाखवावा, आणि तोवर संदेश बंद.

"पन शंका राहनारच," सभा उठताना एक जण निकेशला ऐकू जाईल असं म्हणाला. "बटन त याच्याच हाती हाय."

माधवीने ते ऐकलं. दुरुस्ती तिने स्वतः केली नाही. ती निकेशच्या बाजूला बसली आणि त्याच्या हातून करवून घेतली. मी तिथे होतो. तिने फक्त एक शब्द बदलायला लावला, पब्लिकचं प्रायव्हेट. त्याबरोबर पडद्यावर ठिकठिकाणी लाल रेघा उमटल्या. त्याच्या बाजारपानात, पाळीच्या यादीत, तिच्या स्वतःच्या संदेशाच्या भागातसुद्धा. जिथे जिथे कोणी बाहेरून आत हात घातला होता तिथे तिथे रेघ.

"एवढ्या?" निकेश म्हणाला.

"सहा तुझ्या आहेत. बाकी माझ्या," ती म्हणाली.

एकेक रेघ त्यांनी काढली. ज्याला फक्त पाहायचं आहे त्याच्यासाठी पाहण्याचं एक वेगळं काम केलं. ते विचारलं की उघडा की बंद एवढं सांगतं, बदलू देत नाही. निकेशने विचारलं, सगळंच प्रायव्हेट करून टाकू काय. ती म्हणाली, बोड्या एकेका घराच्या आहेत, तिथे तीन होय कुठून आणशील, त्यांच्या साच्याला आपला नियम लिहिता आला पाहिजे. मग विचारण्याचं जे काम होतं ते बोडीच्या साच्याला आपल्या पद्धतीने बदलता यावं म्हणून प्रोटेक्टेड ठेवलं, आणि उघडा-बंद मात्र प्रायव्हेटच. हे मी दोनदा विचारून घेतलं, तरी पूर्ण समजलं असं म्हणणार नाही. निकेशला समजलं. तपासणी चालू असताना संदेश खऱ्या फोनवर जाऊ नयेत, याचीही तिने वेगळी सोय करायला लावली. ते आधीच करायला हवं होतं, असं ती एकदा म्हणाली आणि पुन्हा नाही म्हणाली.

सभेला दाखवायची वेळ आली तेव्हा ती पुढे गेली नाही. निकेशने दाखवलं. त्याने जुनी ओळ पुन्हा लिहिली, सगळ्यांसमोर. प्रोग्राम चाललाच नाही. शंका घेणारा माणूस पुढे आला आणि म्हणाला, अजून एकदा कर. त्याने अजून एकदा केली.

थंडी सुरू झाली तसा लोकांना तलाव उघडेपर्यंत धीर निघेना. मासे आधीच कमी, निदान लवकर तरी मिळावेत असं ज्याला त्याला वाटत होतं. उमाजीने होय दाबलं, दादाजीने दाबलं. गोकुळाबाईने नाई दाबलं. मासे अजून हातभर नाहीत, म्हणाली. आठवडाभराने पुन्हा विचारलं, पुन्हा नाई. तेव्हा उमाजीच्याच घरचे दोघे संस्थेच्या खोलीत निकेशकडे गेले. मी तिथे पेपर वाचत बसलो होतो.

"म्हातारी आयकून नाई राह्यली," त्यातला मोठा म्हणाला. "तुले त येते बाबू. आतून करून टाक ना."

"नाई होत," निकेश म्हणाला.

"मंग तवा कसं झालं होतं?"

"तवा हात पोहचत होता. आता नाई पोहचत." त्याने संगणक त्यांच्याकडे वळवला. "घ्या. तुमी करून पाहा."

दोघांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. मग मोठा म्हणाला, "म्हंजे आता तलाव उघडला त तुह्यावर कोनी येनार नाई."

"नाई."

"मजा हाय तुही," तो म्हणाला, आणि दोघे गोकुळाबाईच्या घराकडे वळले, तिला समजावायला.

गोकुळाबाईने पौषात होय दाबलं. संध्याकाळी संदेश आला, तरी तिने उमाजी आणि दादाजीला अंगणात बोलावून तोंडाने विचारलं आणि मगच सकाळी फांदी सोडली. मोठं जाळं ओढायला पाळीप्रमाणे घरं उभी राहिली. निकेशचं घर आपल्या जागी होतं. त्याच्या हाताला हात लावून दोरी धरणारा माणूस तोच होता, ज्याने सभेत शंका काढली होती. मासे नेहमीपेक्षा कमीच निघाले.

माधवी त्या दिवशी आली नव्हती. तिचा मूलला वर्ग होता. निकेशच्या आईने वाटणीतला एक रोहू पळसाच्या पानात बांधून माझ्याजवळ दिला आणि म्हणाली, "गुरुजी, बाईले द्या. आन सांगा, पोरगा आज दोरीवर होता."